उपवासकाळात उपास न धरता राहिलं तर चालतं का? (ईटिंग डिसऑर्डरमधून बरी होतेय)

साक्रीची_लेक

जय ख्रिस्त सगळ्यांना.

मी २३ वर्षांची. गाव साक्री तालुक्यात, सध्या धुळ्यात बी.एड. करते आणि होस्टेलवर राहते. मला बुलिमिया आहे. खूप खायचं, मग ते उलटी करून काढायचं, मग त्याची भरपाई म्हणून उपाशी राहायचं, आणि उपाशी राहिलं की परत तेच. मागच्या पावसाळ्यापासून मानसोपचार तज्ज्ञांकडे उपचार चालू आहेत. आता तीन वेळचं जेवण आणि मधलं खाणं ठरलेल्या वेळी होतं. उलट्या जवळजवळ थांबल्यात.

राखेच्या बुधवारी ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो, तेव्हापासून आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) साखळी उपास-प्रार्थना आहे. तरुण संघातल्या प्रत्येकाने एकेक दिवस घ्यायचा. काही जणांनी तर चाळीसही दिवस एकवेळच जेवायचं ठरवलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर यादी फिरतेय, माझ्या नावापुढची जागा रिकामी आहे आणि पाळकीणबाईंनी (पाळकांच्या पत्नींनी) दोनदा विचारून झालंय.

आई म्हणते, डॉक्टर नाही म्हणालेत ना, मग विषय संपला. आजी म्हणाली, "जेवी ले व माय, देव काय उपाशी पोरी मांगस का?"

पण माझी अडचण त्याच्याही पुढची आहे. उपासाचा विचार आला की मला आतून एकदम हलकं वाटतं, हुरूप येतो. तो हुरूप माझ्या ओळखीचा आहे. तो प्रभूसाठीचा आहे की आजाराचा, हे मला वेगळं काढता येत नाहीये. मंडळीत कोणालाच यातलं काही माहीत नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. उपास न करता हा काळ पाळता येतो का? आणि पाळकांना सांगायचं तर किती सांगू?

---

तापीकाठचा_काका

बेटा, तुझी प्रामाणिक घालमेल वाचून भरून आलं. माझं मत सांगतो. पूर्ण उपास नको करूस, एक दिवस फलाहार कर. केळी, दूध, खजूर. आमच्या जळगावात केळ्यांना काय तोटा! प्रभू सामर्थ्य देतो, आणि यादीतली जागाही रिकामी राहणार नाही. तुझ्यासाठी प्रार्थना करतो.

---

भुसावळची_ताई

काकांचा जीव तुटतोय हे दिसतं, पण फलाहाराचा सल्ला मी मान्य करणार नाही. काका, राग मानू नका. या आजारात निम्मा उपास असा काही नसतो. आज हे चालेल, ते नाही, एवढाच नियम त्याला पुरतो.

मला अ‍ॅनोरेक्सिया होता. वजनाच्या धास्तीने खाणं तोडत जाण्याचा आजार. कॉलेजच्या वयात सुरू झाला, तोही उपवासकाळातच. आधी गोड सोडलं, मग तेल, मग रात्रीचं जेवण. पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) आला, सगळ्यांचे उपास सुटले, माझा सुटला नाही. मंडळीत माझं कौतुक व्हायचं. प्रीतिभोजनाला, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणाला, मी सगळ्यात आधी पदर खोचून वाढायला उभी राहायची. भरीत, कळण्याची भाकरी, डाळ, पंगतीत कोणाला काय हवं ते मला तोंडपाठ. वाढणारीच्या ताटाकडे कोणी बघत नाही. प्रवचनाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी पाककृती उतरवून घ्यायचे. पानंच्या पानं. कधी एकही पदार्थ करून खाल्ला नाही.

त्या वह्यांचा अर्थ मला खूप पुढे कळला, माझ्या डॉक्टरांकडून. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा खातंपितं कसं करायचं, हे समजून घ्यायला. ते तरुण युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले होते, आणि त्यातले बरेचसे शांतिवादी ख्रिस्ती मंडळ्यांमधले. म्हणजे विश्वासाने, परोपकारासाठी पुढे आलेली धडधाकट माणसं. सहा महिने अर्धपोटी राहिल्यावर ती चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. पुन्हा खायला मिळाल्यावर काहींचं पोट भरेना, बेसुमार खाऊ लागले. यातल्या कोणालाही आधी खाण्याचा आजार नव्हता.

हे ऐकलं त्या दिवशी मी ओपीडीच्या बाकावर बसून रडले. तोवर मला वाटायचं माझा आत्मा कमजोर आहे, प्रार्थना कमी पडते. उपाशी शरीर असंच वागतं, कोणाचंही. तुझ्या बाबतीत तर हे सरळ आहे. उपास धरला की काही तासांनी तुटून पडून खाणं, त्यामागून उलटी. तुझ्या डॉक्टरांनी ठरलेल्या वेळी खायला लावलंय ते हीच साखळी तोडायला. मंडळीच्या साखळीपायी ती पुन्हा जोडू नकोस.

आता तुझ्या हुरुपाबद्दल. तो कोणाचा हे आज ठरवायची गरज नाही. दोन्हीकडून असेल. पण उपास केल्याने तो ओळखता येणार नाही, एवढं नक्की. जेवून मग प्रार्थनेला बस आणि बघ. प्रभूची ओढ असेल तर जेवल्यावरही राहते. माझी राहिली.

वचनाचं म्हणशील तर मला दोन जागांनी धरून ठेवलं. बायबलमधलं १ राजे १९. एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून झुडपाखाली पडलाय, मरण मागतोय. दूत येतो तो उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो आणि ऊठ, खा म्हणतो. एलीया खाऊन परत झोपतो. दूत पुन्हा येतो, पुन्हा खायला लावतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नाही. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस आणि चाळीस रात्री होरेब डोंगरापर्यंत चालतो. उपवासकाळात चाळीस दिवसांबद्दल इतकं बोललं जातं, पण हे चाळीस दिवस दोनदा जेवून सुरू झाले.

दुसरी जागा मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली, याईराची मुलगी. प्रभू तिला मरणातून उठवतो आणि लगेच सांगतो, हिला खायला द्या. बारा वर्षांची पोर. मी बरी होत होते तेव्हा मावशी रोज माझ्यासमोर ताट घेऊन बसायची, हाच भाग वाचायची, मग आम्ही दोघी जेवायचो. माझा शेवटचा घास होईस्तोवर ती उठायची नाही.

आणि विश्वास आहे म्हणून औषध नको, असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. माझ्यासाठी कितीतरी जणांनी हात ठेवून प्रार्थना केली, ती मला मोलाची आहे. पण नाडी मंदावलीय हे जळगावच्या एका फिजिशियनने ईसीजी काढून सांगितलं, आणि तिथून माझे उपचार सुरू झाले.

---

नंदुरबारची_सिस्टर

मी नर्स आहे, म्हणून तेवढंच लिहिते. वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यात आपल्याकडचा फाल्गुन-चैत्र, घामाने वेगळंच पाणी जातं. काकांनी केळी सुचवली ती जेवणासोबत खुशाल खा, पण पोटॅशियम खरंच कमी असेल तर केळ्याने भागत नाही, रक्त तपासून डॉक्टरच औषध देतात. चक्कर, छातीत धडधड, पायात गोळे, उलटीत रक्त, यातलं काहीही झालं तर होस्टेलमध्ये झोपून राहू नकोस, सरळ दवाखाना गाठ. उलटी झालीच तर लगेच दात घासू नकोस. आम्लाने दातांवरचं आवरण मऊ झालेलं असतं, ब्रशने ते झिजतं. नुसत्या पाण्याने चूळ भर.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी: खूप दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नसेल तर घरच्यांनी एकदम पोटभर जेवू घालू नये. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येऊन जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. रात्री-अपरात्री बोलायला कोणी नसेल तर सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

मी कॅथलिक आहे. आमच्यात उपासाचा नियम १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत, आणि आजारी माणसाला त्यातून सूट. सूट घेणारा कमी भाविक, असं आमच्या फादरांनी कधी म्हटलेलं नाही.

---

तापीकाठचा_काका

ताई, सिस्टर, राग कसला. मला हा आजार असा असतो हे माहीत नव्हतं. बेटा, माझा फलाहाराचा सल्ला मागे घेतो. ताई सांगतेय तसंच कर.

---

साक्रीची_लेक

सगळं दोनदा वाचलं. ताई, वाढणारीच्या ताटाचं वाचून अंगावर काटा आला, कारण मीही तेच करते.

पाळकांना हे पाठवू का? "सर, माझ्यावर एका आजारासाठी उपचार चालू आहेत आणि डॉक्टरांनी उपासाला मनाई केलीय. साखळीत माझं नाव प्रार्थनेसाठी ठेवा, उपासासाठी नको." आजाराचं नाव लिहावं का?

---

भुसावळची_ताई

असंच पाठव. नाव लिहायची गरज नाही. मधुमेहाच्या माणसाला आपण कुठे रिपोर्ट मागतो? पाळकीणबाईंवर विश्वास वाटत असेल तर पुढे कधीतरी त्यांना एकटीला सांग, कारण प्रीतिभोजनाला तुझ्या शेजारी बसून जेवणारं कोणीतरी मंडळीत हवं. आणि त्या दिवशी वाढायला उभी राहू नकोस. पहिल्या पंगतीत बस.

प्रार्थनेचा तास कोणता मिळेल ते कळव. दुपारी १ ते २ मिळाला तर आधी जेव. त्या तासाला मी इथून तुझ्यासोबत असेन. यशया ५८ काढून ठेव, देवाला कोणता उपास आवडतो ते तिथे आहे. बेड्या सोडणं, भुकेल्याला भाकर वाटून देणं. होस्टेलमध्ये मेसचे पैसे न परवडणारी एखादी मुलगी असेलच. तिला सोबत घेऊन जेव.

आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हा हुरूप येतो ते जसंच्या तसं सांग.