कपिल: रंगाचंच नाव

रंगांवरून आलेल्या नावांमध्ये ‘कपिल’ घेतलं की कुणीतरी विचारतंच, ‘हे तर ऋषींचं नाव, रंगांच्या यादीत कशाला?’ सांख्य दर्शनाचे कपिल मुनी आहेतच, गीतेतही ‘सिद्धानां कपिलो मुनिः’ येतं. पण मुळात कपिल हा रंगच: पिंगट, तांबूस-भुरा. संस्कृत कोशात तर ‘माकडाच्या रंगाचा’ असा अर्थ सापडतो, कारण कपि म्हणजे वानर. (बारशाला हे आत्याच्या कानावर न घातलेलं बरं!)

आजोळच्या गोठ्यात कपिला होती. पाठ विटकरी, पोटाकडे फिकट होत गेलेली, आणि उन्हात उभी राहिली की केसांची टोकं सोनेरी दिसायची. घरात कुणी ‘तपकिरी गाय’ म्हटलेलं आठवत नाही, ‘कपिला’ म्हटलं की रंग कळायचा. मुलींचं नाव म्हणून कपिला मागे पडलं ते बहुधा या गाईमुळेच.

आणि कपिलाषष्ठीचा योग आपण येताजाता म्हणतो, तो खराच दुर्मीळ. भाद्रपद वद्य षष्ठीला मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतीपात (पंचांगातला एक योग) हे सगळं एकत्र जुळून यावं लागतं.