फायबरच्या होडीच्या तळाला फोड आलेत, काय करू?

प्रश्न: मी दिवाळे गावातला. बाबांची २२ फुटी फायबरची होडी, वय १७ वर्षं. १ जूनच्या मासेमारी बंदीला वर ओढली तर तळाला वाटाण्याएवढे फोड! एक फोडला, आत चिकट पाणी, वास व्हिनेगरसारखा. वरून रंग मारून नारळी पौर्णिमेला सोडली तर चालेल?

उत्तर: नको रे बाबा, मी तेच केलं आणि पैसे दोनदा घातले. जेलकोटमधून, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थरातून, पाणी आत मुरलंय. फोड उघड, ८० नंबरच्या सँडपेपरने घास, गोड्या पाण्याने पुन्हापुन्हा धू. मग सुकव, आणि गोम तिथेच आहे. या हवेत ती लवकर सुकत नाही. वर छप्पर हवं, पण बाजूंनी वारा खेळू दे. सुकली का ते बघायला प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेप लावून तळाला चिकटव. दुसऱ्या दिवशी आतून दव दिसलं तर थांब. सुकल्यावर इपॉक्सी (पाणी अडवणारी राळ) पुट्टी, इपॉक्सीचे हात, शेवटी अँटीफाउलिंग, म्हणजे तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून मारायचा रंग.

दुसरं उत्तर: जुना अँटीफाउलिंग कोरडा घासू नकोस, ओला घास. त्यात तांबं असतं, धूळ छातीत जाते. मास्क लाव.

प्रश्नकर्ता: म्हणजे पौर्णिमा हुकणार. बाबांना तुम्हीच येऊन सांगा.