ॲलन रिकमनचा पहिला सिनेमा ४२व्या वर्षी, हे खरंय का?

फ्लेक्सवाला_सांगली:
नमस्कार मंडळी. मी सांगलीत फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करतो, दिवसभर भाऊ-दादांच्या वाढदिवसाचे बोर्ड आणि रात्री हौशी नाटकाची तालीम. वय २७. परवा एक रील आलं की हॅरी पॉटरमधला स्नेप, म्हणजे ॲलन रिकमन, आधी ग्राफिक डिझायनर होता आणि पहिला सिनेमा थेट ४२व्या वर्षी. खरंय का नुसतं फेकलंय? आईला दाखवलं तर म्हणाली, मग काय ४२ पर्यंत लग्न थांबवायचं का. नोकरी सोडून मुंबई गाठावी म्हणतोय, जाणकारांनी सांगा.

विंगेतला:
खरंय, पण अर्धं. सिनेमा डाय हार्ड, १९८८ चा. रीलवाले मधली सगळी वर्षं गिळतात ना राव. हा माणूस चेल्सी आणि रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकला, दोस्तांबरोबर स्वतःचा डिझाईन स्टुडिओ काढला, आणि २६व्या वर्षी लंडनच्या राडा नाट्यशाळेला पत्र टाकलं की माझी ऑडिशन घ्या. शिकताना पैसे लागतात म्हणून राल्फ रिचर्डसन, नायजेल हॉथॉर्न असल्या बड्या नटांचा ड्रेसर झाला, आपल्या भाषेत कपडेपट सांभाळला. मग गावोगावची थिएटरं, रॉयल शेक्सपिअर कंपनी, १९८२ ला बीबीसीच्या मालिकेत एक लाळघोट्या पाद्री, आणि १९८५ ला ले लिएझाँ डांजरस या नाटकात व्हाल्माँ नावाचा मुख्य रोल. ते नाटक १९८७ ला ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या रंगभूमीवर गेलं, टोनी या तिथल्या नाट्यपुरस्काराचं नामांकन मिळालं, आणि तिथं डाय हार्डच्या निर्मात्यानं त्याला बघितलं. म्हणजे सिनेमा नाटकामुळंच आला. गंमत पुढं आहे, त्याच नाटकावरनं १९८८ ला सिनेमा निघाला तर व्हाल्माँ गेला जॉन माल्कोविचला! ज्यानं रोल उभा केला तो बाजूलाच. आपल्याकडं पण असं होतंच की.

कृष्णाकाठ:
एवढ्या लांब लंडनला कशाला जाताय, डॉ. श्रीराम लागू जन्मले साताऱ्यात. कान-नाक-घशाचे सर्जन, टांझानियातसुद्धा प्रॅक्टिस केली, आणि चाळिशी ओलांडल्यावर १९६९ ला पूर्णवेळ नाटकात आले. पण त्याआधी डॉक्टरकी सांभाळत किती वर्षं हौशी नाटकं केली ते बघ भावा. एका रात्रीत राजीनामा दिलेला नाही.

हरिपूरकर:
सगळं मान्य, पण तिकडच्या थिएटरात नटाला पगार मिळतो हे कुणी बोलत नाही. आपल्या हौशी नाटकात लाइटवाल्याचे पैसे खिशातनं जातात आणि तालमीला चहा-भडंग, तोही दिग्दर्शकाचा मूड असला तर. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केलं ते तरी सांगलीच्या राजांच्या आश्रयानं. आता आपण नाट्यपंढरी म्हणून मिरवतो आणि नाटकाला फुकट पास मागतो, मी पण मागतो, खोटं कशाला बोलू. मुंबईला जायचं तर सहा महिन्यांचं भाडं गाठीला बांध, बाकी गप्पा नंतर.

विंगेतला:
हरिपूरकर काका बरोबर बोलले. अजून एक, सिनेमा मिळाल्यावर रिकमननं नाटक सोडलं नाही. स्नेपचे आठ सिनेमे २००१ ते २०११ चालले, त्याच काळात २००२ ला प्रायव्हेट लाइव्ह्ज हे नाटक घेऊन ब्रॉडवेवर, समोर लिंडसे डंकन, लिएझाँमधलीच जुनी जोडीदारीण. परत टोनी नामांकन. ऑस्करचं मात्र नामांकनसुद्धा नाही, शेवटपर्यंत. २०१६ च्या जानेवारीत गेला, ६९ वय. मला विचारशील तर तुझ्याकडं डिझाईन आहे ते जपून ठेव, नाटकाला पोस्टर लागतंच.

फ्लेक्सवाला_सांगली:
आभारी आहे सगळ्यांचा. नोकरी तूर्त सोडत नाही. काल दिग्दर्शकांना म्हटलं, रोल नसला तरी चालेल, कपडेपट सांभाळतो. ते म्हणाले कपडेपट राहू दे, आधी प्रयोगाचा दहा बाय सहाचा फ्लेक्स फुकट करून आण.