बाळंतपणानंतर वजन उतरवायला काय खावं? (वेळ कमी, पैसाही कमी)

चिऊची_आई
लेक चार महिन्यांची आहे, पूर्ण अंगावर पिते. वाढलेलं निम्मं वजन आपोआप उतरलं, आता काटा हलत नाही. अटी आधीच सांगते. माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक होणार नाही. ओट्याशी पंधरा मिनिटांच्या वर उभं राहता येत नाही. पावडरी, यंत्रं आणि पैसे भरून घ्यायचे डाएट प्लॅन नकोत. दूध कमी व्हायला नको. सगळ्यात मोठा घोळ संध्याकाळी चारनंतर होतो, भूक अशी खवळते की बिस्किटांचा पुडा हातातच संपतो. त्यावर काय करू?

निवांत_नंदा
सरळ चांगलासा ब्लेंडर घे. माझा बर्फाचासुद्धा भुगा करतो. रोज सकाळी शेक, लग्नातले ब्लाउज परत बसायला लागले मला.

झुळूक
नंदा, ती म्हणतेय यंत्र नको.

निवांत_नंदा
एकदाच घ्यायचा असतो गं. तब्येतीपुढे पैसा बघायचा नसतो.

रोखठोक
कर्बोदकं बंद आणि रात्रीचं जेवण बंद. मी हेच केलं, ऑफिसात लोक ओळखेनात.

दोन_लेकरं
आपण कधी बाळंत झालात, रोखठोक?

रोखठोक
शरीरशास्त्र सगळ्यांना सारखंच.

हिरवी_मिरची
अजिबात सारखं नाही. मी आहारशास्त्र शिकलेय म्हणून जरा लांबण लावते. दूध तयार करायला शरीराला रोज साधारण ३३० ते ५०० कॅलरी जादा लागतात. अशात कर्बोदकं पूर्ण तोडली तर रक्तात कीटोन (चरबी जाळताना तयार होणारी आम्लधर्मी द्रव्यं) वाढून आईला दवाखान्यात दाखल करावं लागल्याच्या नोंदी आहेत. क्वचित होतं, पण होतं. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरलं तर पुरे. १८०० कॅलरींच्या खाली स्वतःहून जाऊ नकोस. चारच्या भुकेचं म्हणशील तर ती चारला लागत नाही, दुपारच्या ताटात प्रथिनं कमी असली की लागते. डाळ पळीभर जास्त, वर दही किंवा अंडं. वेगळा स्वयंपाक नाहीच, घरच्या ताटातलं प्रमाण तेवढं बदल.

सदाफुली
+१. पण पाजल्याने वजन आपोआप उतरतं, उगाच घाबरवू नका तिला. माझं सगळं तसंच गेलं.

दोन_लेकरं
तुमचं गेलं हो. मी दोघांनाही वर्षभर पाजलं, भूक दुप्पट झाली आणि वजन जागच्या जागी. 'पाजतेस ना, मग उतरेलच' हे ऐकून ऐकून कान किटले होते.

बाकी कामाचं सांगते. पाजताना एकच हात मोकळा असतो, म्हणून पुडा जवळचा वाटतो. सकाळी चहा उकळतोय तोवर अंडी उकडून, सोलूनच डब्यात टाक. नुसती उकडून ठेवलीस तर मांडीवर बाळ असताना सोलणार कोण? शिजवलेले चणे, भाजलेले शेंगदाणे, फळ, जे असेल ते. डबा जिथे बसून पाजतेस तिथे, आणि पुडा वरच्या फळीवर, खुर्ची घेतल्याशिवाय हात पोचणार नाही असा.

झुळूक
सोबत पाण्याची बाटली पण. पाणी जास्त प्यायलं की दूध वाढतं.

हिरवी_मिरची
तहानेपुरतं प्यावं. त्याच्यावर ढोसून दूध वाढत नाही, वारंवार पाजल्याने वाढतं.

झुळूक
माझं वाढलं होतं.

सदाफुली
माझंही. शास्त्र काहीही म्हणो.

पावसाळी_सर
स्लिमिंग टीबद्दल कुणी बोललं नाही? महिनाभरात फरक दिसतो.

हिरवी_मिरची
पाजणाऱ्या बाईने नकोच. त्यातल्या बऱ्याच चहांत सोनामुखी असते, म्हणजे जुलाबाचं औषध. काटा खाली जातो तो अंगातलं पाणी गेल्यामुळे, चरबी आहे तिथेच.

अबोली_७
वजन अडलंच असेल तर आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात काहीजणींची थायरॉइड बिघडते, आधी जास्त काम करते आणि मग मंदावते. माझे केस मूठमूठ जायचे, सगळ्यांना उकडत असताना मी स्वेटरमध्ये, आणि आमच्या डॉक्टरीणबाई 'आई झालात, दमणारच' म्हणून बोळवण करायच्या. शेवटी हट्टाने रक्त तपासलं. थायरॉइडच निघाली, आणि तोवर मी डाएट करकरून अर्धी झाले होते, वजन सोडून.

दोन_लेकरं
अबोलीला अनुमोदन. हिमोग्लोबिन पण बघ. आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा पिऊ नकोस, लोह अंगी लागत नाही.

निवांत_नंदा
पोटासाठी पट्टा बांधतेस ना? माझं पोट पट्ट्यानेच गेलं. शेक होताच म्हणा.

अबोली_७
पट्टा आधार देतो, चरबी वितळवत नाही. कधीकधी ते पोट चरबीचं नसतंच, मधले स्नायू फाकलेले असतात. उताणं झोपून गुडघे दुमड, डोकं जरासं उचल आणि बेंबीच्या वर बोटं दाबून बघ. दोन बोटांपेक्षा जास्त खड्डा लागला तर फिजिओकडे जा, घरी पोटाचे व्यायाम सुरू करू नकोस.

चिऊची_आई
सगळ्यांचे आभार. टीएसएच आणि हिमोग्लोबिन या आठवड्यात करून घेते. बाकी माझं ठरलंय, कुणाला पटणार नाही. चार वाजता मी चक्क जेवणार आहे, ताट वाढून, मांडी घालून. दुपारी दोन घास, रात्री सगळ्यांसोबत थोडंसं. डबे भरायचं काम मला अजून एक काम वाटतं. आणि लेक वरचं खायला लागेपर्यंत वजनकाटा माळ्यावर.

रोखठोक
मग धागा काढलाच कशाला?

दोन_लेकरं
डबा भरायला दहा मिनिटं लागतात फक्त. असो.

नवी_नवरी_नाही
अवांतर विचारते, सिझेरियन झालं असेल तर तो पट्टा कधीपासून बांधायचा?

झुळूक
ते डॉक्टरांना विचार, आणि इतरांचे अनुभव हवे असतील तर वेगळा धागा काढ.