कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरला स्नो प्लाउ बसवायचाय, मागे काउंटरवेट किती आणि कुठे लावू? मदत हवी आहे

बर्फवाट

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण माहिती सगळी दिलेली बरी म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्याकडे २५ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर आहे, हायड्रोस्टॅटिक, पुढे लोडर (बकेट उचलणारे हात) आणि लोडरला क्विक अटॅच प्लेट (अवजार पटकन काढता-लावता येतं, स्किड स्टीअरला असते तशीच). आत्तापर्यंत बर्फ बकेटनेच काढतोय, म्हणजे भरायचं, उचलायचं, मागे यायचं, कडेला नेऊन ओतायचं, परत पुढे. घरापर्यंतचा रस्ता लांब आहे, खडीचा आहे, मध्ये चांगला चढ आहे, आणि रात्रभर पडत राहिला की सकाळी बकेटने उरकतच नाही. घरात वयस्कर माणसं आहेत, कधी डॉक्टरकडे न्यायची वेळ आली तर रस्ता मोकळा पाहिजे म्हणजे पाहिजेच, त्यात मला कसलीही हयगय नको आहे.

म्हणून ७ फुटी ब्लेड बघून ठेवलंय, जुनं पण पत्रा जाड आहे, पिकअप गाडीला लावतात तसलं, त्याचा स्वतःचा बॅटरीवर चालणारा हायड्रॉलिक पंपही सोबत आहे. ब्लेड आणि मी वेल्ड करून घेणार असलेली ॲडॅप्टर प्लेट धरून २५० किलोच्या आसपास जाईल. ट्रॅक्टरचा व्हीलबेस १.६ मीटर आहे, आणि ब्लेडचा मध्य पुढच्या एक्सलच्या साधारण १.५ मीटर पुढे येईल असं मोजून काढलंय.

आता प्रश्न. ब्लेड लोडरलाच लावू की खाली चॅसिसला वेगळी फ्रेम करून घेऊ? मागे वजन किती लागेल? मागच्या चाकांत पाणी किंवा कसलं तरी लिक्विड भरून भागेल का, कारण ते मला सगळ्यात सोपं वाटतंय, मागे काही लटकत नाही, वळताना अडचण नाही. आणि ब्लेड डावी-उजवीकडे फिरवायला तो बॅटरीचा पंपच वापरू का?

वेल्डिंगवाला

मापं दिलीत हे फार छान केलंत, नाहीतर लोक नुसतं 'किती वजन लावू' विचारतात आणि उत्तर देणारे पण ठोकून देतात काहीतरी.

हिशोब करून बघू. बकेट काढून २५० किलोचं ब्लेड १.५ मीटर पुढे लटकवलं तर पुढच्या एक्सलवर फक्त २५० येत नाहीत, २५० × ३.१ ÷ १.६ म्हणजे ४८० किलोच्या वर येतात. हे जास्तीचे किलो कुठून आले? मागच्या एक्सलवरून. मागची चाकं तेवढीच, म्हणजे साधारण २३५ किलोनी हलकी झाली. तागडीसारखंच आहे, पुढचा एक्सल हा काटा. ट्रॅक्टर उभा असताना हे जाणवणार नाही, चढावर ब्लेड उचलून वळलात की मागचं चाक गरगर फिरतं तेव्हा कळतं.

आता लिक्विड. लिक्विडचं वजन बरोब्बर मागच्या एक्सलच्या जागी पडतं. ३०० किलो भरलंत तर मागच्या चाकांना पकड मिळाली, पण पुढच्या एक्सलवरचे ४८० किलो तसेच्या तसे, त्यातला एक किलोही कमी होत नाही. याउलट ४०० किलोचं वजन थ्री पॉइंटला (अवजारं जोडायच्या मागच्या तीन दांड्यांच्या लिंकेजला), मागच्या एक्सलच्या ०.९ मीटर मागे लटकवलं तर पुढचे २२५ किलो उतरतात, म्हणजे ४८५ चे २६० होतात, आणि मागे ६२५ किलो वाढतात. ब्लेडमुळे गेलेले वजा करूनही मागे ३९० किलो फायद्यात. पुढच्या एक्सलचे सील, बेअरिंग, किंगपिन यांना वाचवायचं असेल तर लटकतं वजनच पाहिजे. लिक्विड भरू नका असं मी म्हणत नाही, भरा, पण ते याच्या जोडीला, याच्या ऐवजी नाही.

तुमच्या मॅन्युअलमध्ये पुढच्या एक्सलची मर्यादा आणि थ्री पॉइंटची उचल क्षमता दोन्ही दिलेली असतात, ४०० किलो त्यात बसतंय का ते आधी बघा.

डोंगरातली

लिक्विडबद्दल थोडं. साधं पाणी अजिबात भरू नका, गोठतं. कॅल्शियम क्लोराइडचं पाणी जड असतं (लिटरला १.३ किलोच्या आसपास) आणि कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, पण ट्यूब गळली की रिम खाऊन टाकतं. बीटच्या रसापासून केलेलं मिळतं ते जवळजवळ तेवढंच जड आणि रिमला गंज नाही लावत, महाग पडतं एवढंच. भरताना व्हॉल्व्ह वर, घड्याळातल्या १२ च्या जागी ठेवून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंतच भरायचं, म्हणजे साधारण ७५ टक्के, वर हवा राहायलाच हवी.

आणि दादा, चढ आहे म्हणालात म्हणून एक गोष्ट मनापासून सांगते. बऱ्याच कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतारावर पुढे ब्लेड, मागची चाकं हलकी, आणि तुम्ही ब्रेक दाबला तर मागची चाकं नुसती घसरतात, ट्रॅक्टर थांबत नाही. उतरताना फोर व्हील चालूच ठेवा म्हणजे पुढची चाकंही ड्राइव्हमधून धरून ठेवतात. ब्लेड जमिनीलगत ठेवून उतरा, वर उचलून नाही. रोल बार उभा आणि सीटबेल्ट लावलेला, यात तडजोड नको.

हायड्रॉलिक काका

तो बॅटरीचा पंप काढून ठेवा. पिकअपला मोठा अल्टरनेटर असतो, तुमच्या ट्रॅक्टरचा त्यामानाने लहान, आणि हे पंप चालू झाले की शंभर ॲम्पिअरच्या वर ओढतात. थंडीत बॅटरी आधीच मरगळलेली असते, मधेच बसली तर ब्लेड वाकडंच राहील आणि ट्रॅक्टरही परत चालू होणार नाही.

ट्रॅक्टरचंच हायड्रॉलिक वापरायचं. मागे रिमोट व्हॉल्व्ह (बाहेरच्या अवजाराला तेल देणारा) असेल तर त्याचे दोन पाइप चॅसिसच्या कडेने पुढे आणा, नसेल तर लोडरला थर्ड फंक्शन व्हॉल्व्ह (उचलणं-झुकवणं सोडून तिसऱ्या कामासाठी तेल देणारा) बसवून घ्या, हॅन्डलवरच्या बटनाने चालतो, बर्फ काढताना हात हलवावा लागत नाही. पिकअपच्या ब्लेडला दोन्ही बाजूंना एकेक सिंगल ॲक्टिंग (एकाच दिशेने ढकलणारा) सिलिंडर असतो, एकात तेल गेलं की दुसऱ्यातलं बाहेर पडतं, म्हणून डबल ॲक्टिंग व्हॉल्व्हचा एक पोर्ट एका सिलिंडरला आणि दुसरा दुसऱ्याला जोडला की काम होतं.

पण मध्ये क्रॉसओव्हर रिलीफ व्हॉल्व्ह टाकल्याशिवाय एक फूटसुद्धा चालवू नका!! ब्लेडचं टोक दगडाला किंवा गोठलेल्या ढिगाला लागलं की त्या बाजूच्या सिलिंडरमध्ये एकदम दाब चढतो, रिलीफ असेल तर तेल पलीकडे जातं आणि ब्लेड वळून मोकळं होतं, नसेल तर पाइप फुटेल, रॉड वाकेल नाहीतर लोडरचा हात पिळला जाईल. मूळ पंपात ही सोय आतच असते, पंप काढला की तीही गेली, ती परत बसवावीच लागते. सिलिंडरमधलं जुनं तेलही पूर्ण काढा, पिकअपच्या पंपाचं तेल वेगळं असतं, ट्रॅक्टरच्या तेलात मिसळायला नको.

बर्फवाट

मंडळी, काय सांगू, एवढं नीट कोणी समजावलं नव्हतं. लिक्विडचा विचार मागे ठेवतो, आधी लटकतं वजन. २०० लिटरचा लोखंडी ड्रम पडलाय, त्यात काँक्रीट ओतलं तर चालेल का? आणि लोडर की फ्रेम हे राहिलं.

वेल्डिंगवाला

ड्रम उत्तम. काँक्रीट घनमीटरला २४०० किलो धरतात, म्हणजे १६५ लिटरला ४०० किलो झालेच, ड्रम पाचात चार भाग भरायचा. काठोकाठ भरलात तर ४८० होतील, तुमच्या लिंकेजला ते झेपतंय का बघूनच. लोअर लिंकसाठी आरपार जाड दांडा टाका, टोकांना २२ मिलिमीटरच्या पिना, दोन्ही लिंकमधलं अंतर कॅटेगरी १ (लहान ट्रॅक्टरच्या थ्री पॉइंटचं माप) ला साधारण ६८ सेंटिमीटर, ड्रम त्याहून अरुंद असतो त्यामुळे छान बसतो. टॉप लिंकला वर दोन पट्ट्या, भोक १९ च्या पिनचं. दांडा आणि पट्ट्या आतल्या सळयांच्या जाळीला वेल्ड करा, नुसत्या ड्रमच्या पत्र्याला नाही, पत्रा गंजला की सगळं सुटेल. ओतताना पाइपचे एकदोन तुकडे वरून उभे खोचून ठेवा, फावडं आणि पहार ठेवायला कामी येतात. आणि थंडी पडायच्या आत ओता, ओलं काँक्रीट गोठलं तर त्यात ताकदच येत नाही.

लटकवल्यावर बाजूच्या चेन आवळून घ्या म्हणजे ड्रम झुलणार नाही, आणि जमिनीपासून फूटभरच उचला.

लोडर की फ्रेम, तर माझं स्पष्ट मत: ढीग उंच रचायचा असेल तर लोडर, जोरात ढकलायचं असेल तर फ्रेम. फ्रेमला ब्लेड जवळ येतं आणि धक्का थेट चॅसिसवर जातो. लोडरचे हात उचलायला केलेले असतात, टोकाला बाजूने बसणारा मार सहन करायला नाही. पण तुमचा रस्ता लांब आणि कडेला ढीग साचणार, तेव्हा लोडरवरच लावा, ब्लेड स्प्रिंगने दुमडणारं म्हणजे ट्रिप होणारं आहे ना ते तपासा, आणि वेग चालण्याएवढा. ३० अंश वळवलं की ७ फुटाचं ब्लेड ६ फूटच साफ करतं, तुमच्या चाकांपेक्षा ते रुंद आहे, त्यामुळे ७ फूट योग्य आहे, याहून लहान घेऊ नका.

डोंगरातली

खडीचा रस्ता आहे म्हणून शूज (ब्लेडला जमिनीपासून वर धरणारे खालचे पाय) दोन-तीन सेंटिमीटर खाली सोडा, जमीन पक्की गोठेपर्यंत, नाहीतर सगळी खडी गवतात जाईल. लोडर फ्लोटवर (ब्लेड स्वतःच्या वजनाने जमिनीप्रमाणे वरखाली होईल असा) ठेवायचा, खाली दाब द्यायचा नाही, दाबलंत की पुढची चाकं उचलली जातात आणि स्टीअरिंग जातं. मागच्या चाकांना साखळ्या लावणार असाल तर मडगार्ड आणि हायड्रॉलिकच्या पाइपांपासून मोकळी जागा आहे का हे आधी हाताने चाक फिरवून बघा, चालवून नाही.

बर्फवाट

शूज आहेत, ट्रिप स्प्रिंगही आहेत, आजच बघून आलो. क्रॉसओव्हर व्हॉल्व्हशिवाय चालवणार नाही काका, शब्द देतो. शेवटचं एक, जोडताना आधी काय, ब्लेड की ड्रम?

हायड्रॉलिक काका

आधी ड्रम, मग ब्लेड. काढताना उलट, आधी ब्लेड जमिनीवर सपाट जागी टेकवा, इंजिन बंद करून लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब सोडा, मगच कपलर काढा, नाहीतर पुढच्या वेळी ते लागणारच नाहीत. कपलरच्या तोंडावर टोप्या लावा, बर्फाचा कण आत गेला की तेलात पाणी. ड्रम सगळ्यात शेवटी.