नागपूरहून अलास्काच्या क्रूझला: बिझनेस क्लासचे तिकीट कोणते घ्यावे?

प्रेषक: एक सदस्य, डॅलस

सर्व मंडळींना सप्रेम नमस्कार,

माझे आई-बाबा नागपूरला धंतोलीत राहतात. येत्या जुलैमध्ये त्यांना अलास्काच्या सात रात्रींच्या क्रूझवर न्यायचे आम्ही ठरवले आहे. जहाज सिॲटलहून निघते आणि तिथेच परत येते. बाबांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि आईच्या पायांना लांबच्या प्रवासात सूज येते. त्यामुळे या वेळी दोघांना बिझनेस क्लासनेच आणावे, असे माझे आणि माझ्या भावाचे एकमत आहे.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला कतार एअरवेजचा, नागपूर–दोहा–सिॲटल. दुसरा एमिरेट्सचा, मुंबई–दुबई–सिॲटल. यात नागपूर–मुंबई तिकीट वेगळे काढावे लागेल, पण एकूण भाडे कमी पडते. तिसरा एअर इंडियाचा, नागपूर–दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को आणि तिथून सिॲटल. तिन्हींत ते जहाज सुटण्याच्या आदल्या संध्याकाळी सिॲटलला पोहोचतील आणि आम्ही त्यांना तिथेच भेटू. एवढा खर्च विमानावर केला तर बाल्कनीच्या केबिनऐवजी आतली, बिनखिडकीची केबिन घ्यावी लागेल असे दिसते. ज्यांनी आपल्या घरातल्या ज्येष्ठांना असा प्रवास घडवला आहे, त्यांनी कृपया मत द्यावे.

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सदस्य, धरमपेठ, नागपूर

ताई, सप्रेम नमस्कार,

निवृत्तीनंतर नागपूरला परत आलो तरी मंडळाच्या यादीवरचे संदेश मी नियमाने वाचतो, आणि आपला प्रश्न आमच्या वयाच्या माणसांच्या अगदी जिव्हाळ्याचा असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. आपण तिन्ही कंपन्यांची तुलना भाड्यावरून केली आहे. माझ्या मते, आई-बाबा धंतोलीतल्या घराला कुलूप लावतात तिथपासून जहाजाच्या केबिनमध्ये बॅग ठेवतात तिथपर्यंतचा सगळा प्रवास डोळ्यांसमोर आणून मग तिकीट निवडावे. त्यात कंपनीचे नाव बरेच खाली येते.

आधी आसनाचे पाहू, कारण पैसे मुख्यतः त्याचेच मोजायचे आहेत. एकाच कंपनीच्या दोन विमानांतला बिझनेस क्लास अगदी वेगळा असू शकतो. ज्या विमानात आसने १-२-१ अशी, म्हणजे दोन्ही खिडक्यांशी एकेक आणि मध्ये दोन, मांडलेली असतात, तिथे प्रत्येक प्रवाशाला थेट मार्गिकेत उतरता येते. जिथे ती २-२-२ किंवा २-३-२ अशी असतात, तिथे खिडकीजवळच्या किंवा मधल्या माणसाला शेजाऱ्याला ओलांडूनच बाहेर यावे लागते. काही वर्षांपूर्वी अशाच एका विमानात आमच्या सौ.ना आणि मला वेगवेगळ्या रांगांत जागा मिळाल्या होत्या. तिची जागा खिडकीची. रात्री दिवे मालवलेले, शेजारचे गृहस्थ आसन पूर्ण आडवे करून पांघरूण घेऊन झोपलेले, आणि तिला उठायचे झाले तेव्हा एका हाताने समोरच्या आसनाची पाठ धरून, दुसऱ्या हाताने साडीचा घोळ सावरत, त्या झोपलेल्या माणसाच्या पायांवरून पाऊल टाकावे लागले. त्यानंतर ती उरलेली रात्र पाणीसुद्धा प्यायली नाही. भाडे पूर्ण बिझनेसचे भरले होते. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याने आपल्या बाबांना अशी उडी घ्यायला लागू नये, म्हणून १-२-१ ही अट मी पहिली ठेवीन.

या कसोटीवर कतारचे क्यूस्वीट उत्तम उतरते. २०१७ मध्ये आलेल्या या रचनेत प्रत्येक आसनाला सरकते दार आहे आणि मधल्या काही जोड्यांचा एकत्र पलंगही होतो, म्हणजे आई-बाबा शेजारी शेजारी झोपू शकतात. मात्र त्यातली काही आसने विमानाच्या शेपटीकडे तोंड करून असतात, आणि ती काही ज्येष्ठांना मानवत नाहीत. जागा निवडताना नकाशा नीट पहावा. शिवाय कतारच्या सगळ्याच विमानांत क्यूस्वीट नाही. एमिरेट्सच्या ए३८० मध्ये १-२-१ आहे, पण त्यांच्या अनेक ७७७ विमानांत अजूनही २-३-२ आहे, आणि त्यातली मधली जागा या वयात कोणाच्याही वाट्याला येऊ नये. एअर इंडियाचे जानेवारी २०२४ पासून सेवेत आलेले ए३५० विमान खरोखर चांगले आहे. त्यात बिझनेसची २८ आसने आहेत, सगळी १-२-१ आणि दार असलेली. परंतु ते विमान सगळ्या मार्गांवर नसते, म्हणून आपल्या तारखेच्या उड्डाणाला कोणते विमान लागते हे पाहूनच ठरवावे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपले आकाश बंद केल्यानंतर एअर इंडियाची अमेरिकेची उड्डाणे लांबली आणि काहींना वाटेत इंधनासाठी उतरावे लागले, हेही ध्यानात ठेवावे.

एअर इंडियाच्या पर्यायात मला त्याहून मोठी अडचण दिसते ती सॅन फ्रान्सिस्कोची. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिले पाऊल पडते तिथेच इमिग्रेशन होते, तिथेच सामान पट्ट्यावरून उतरवून घ्यायचे, पुन्हा ते पुढच्या उड्डाणासाठी सोपवायचे आणि पुन्हा सुरक्षा तपासणीच्या रांगेत लागायचे. पंधरा-सोळा तासांच्या उड्डाणानंतर हे सगळे दोघांनी एकट्याने करायचे. दोह्याहून किंवा दुबईहून थेट मुक्कामाच्या गावी उतरले तर इमिग्रेशनच्या पलीकडे घरचे माणूसच उभे असते.

आता वेगळ्या काढलेल्या नागपूर–मुंबई तिकिटाविषयी. कृपया तो विचार सोडून द्यावा, मग भाडे कितीही कमी दिसो. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून मुंबईचे विमान उशिरा सुटले आणि पुढचे हुकले, तर दोन वेगळ्या तिकिटांत पुढच्या कंपनीवर काहीच जबाबदारी राहत नाही. सामानाचेही तसेच. अमेरिकेच्या बिझनेस तिकिटावर माणशी ३२ किलोच्या दोन बॅगा चालतात, पण वेगळ्या देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलोच मिळतात, आणि लेकीसाठी भरलेल्या बॅगा १५ किलोच्या कधीच नसतात. त्यात आता मुंबईला दुसरा विमानतळ झाला आहे. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून उड्डाणे सुरू आहेत. देशांतर्गत विमान तिथे उतरले आणि पुढचे विमान जुन्या विमानतळाच्या, सहारच्या टर्मिनल २ वरून असले, तर अख्खी मुंबई ओलांडण्याची वेळ येईल. सगळा प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असावा. जून २०२५ मध्ये कतारचे आकाश अचानक बंद झाले आणि हजारो प्रवासी ठिकठिकाणी अडकले, तेव्हा ज्यांचे तिकीट अखंड होते त्यांना पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीचीच होती.

याच कारणाने आदल्या संध्याकाळी सिॲटलला पोहोचण्याची योजना मला धोक्याची वाटते. उशिरा येणाऱ्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. शिवाय सिॲटल आणि नागपूर यांच्यात उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक असतो, म्हणजे शरीराची रात्र आणि तिथला दिवस हे पूर्ण उलटे. बिझनेस क्लासमध्ये चांगली झोप झाली तरी हा फरक दोन दिवसांत भरून येत नाही. मग क्रूझचे पहिले तीन-चार दिवस आई-बाबा दुपारी चारला पेंगतील आणि रात्री दोनला टक्क जागे राहतील. ज्या सहलीसाठी एवढा खर्च करायचा तिचा अर्धा भाग असा जाऊ नये. म्हणून माझी सूचना अशी आहे की त्यांना आधी थेट डॅलसला आणावे. दोहा–डॅलस आणि दुबई–डॅलस अशी दोन्ही थेट उड्डाणे आहेत, सोळा तासांच्या आसपासची. बिझनेस क्लासच्या पलंगाचे खरे मोल याच टप्प्यावर आहे. आठ-दहा दिवस लेकीच्या घरी राहावे, आणि मग सगळ्यांनी मिळून सिॲटलला जावे.

नागपूर–दोहा टप्प्यावर लहान, एकाच मार्गिकेचे विमान असते, त्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. आपल्या तारखेला ते विमान आहे का, हे मात्र आधी पहावे.

खर्चाचे म्हणाल तर सप्टेंबर २०२५ पासून बिझनेसच्या तिकिटावर जीएसटी १८ टक्के झाला आहे, इकॉनॉमीवर तो ५ टक्केच आहे. तुलना करताना करासहित आकडा धरावा. सगळ्यात स्वस्त बिझनेस भाड्यात पुष्कळदा लाउंज आणि आगाऊ जागा निवडण्याची सोय नसते आणि तारीख बदलायला जबर पैसे पडतात. ज्येष्ठांच्या तिकिटात तारीख बदलण्याची मुभा लाउंजपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे. एकीकडून बिझनेस आणि परतीला इकॉनॉमी असा मधला मार्ग काही जण सुचवतील. पण बाबांचा गुडघा येताना जो असेल तोच जाताना असणार आहे, म्हणून काटकसर केबिनमध्ये करावी, परतीच्या तिकिटात करू नये.

---

प्रेषक: एक सदस्य, सिॲटल

सप्रेम नमस्कार,

काकांनी आसनाविषयी आणि अखंड तिकिटाविषयी लिहिलेले शब्दशः पटले. माझा मतभेद एकाच मुद्द्यावर आहे. डॅलसला आधी आणले तर डॅलस–सिॲटल आणि परत असा चार-चार तासांहून अधिकचा देशांतर्गत प्रवास दोनदा वाढतो. त्याऐवजी दोह्याहून थेट सिॲटलला आणून इथे चार दिवस विश्रांती दिली, आणि परतीचे तिकीट डॅलसहून काढले, तर एक उड्डाण वाचते. एका शहरी उतरून दुसऱ्या शहराहून परतण्याचे तिकीट एकाच पीएनआरवर मिळते, आणि दोन एकेरी तिकिटांपेक्षा ते बहुधा स्वस्त पडते.

एक गोष्ट मात्र आजच हाती घ्या. सिॲटलहून सुटणारी परदेशी नोंदणीची जहाजे वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरिया बंदराला थांबतात, कारण अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यानुसार अशा जहाजांना मध्ये परदेशी बंदर घेतल्याशिवाय अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवासी नेता येत नाहीत. भारतीय पासपोर्टला त्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो, आणि व्हिक्टोरियाला जहाजातून उतरायचे नसले तरी व्हिसा नसलेल्याला सिॲटललाच जहाजावर घेत नाहीत. अमेरिकेचा व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा असायला हवा. तिकिटाच्या आधी व्हिसाचे अर्ज व्हावेत.

केबिनविषयी: आतली केबिन ज्येष्ठांना घेऊ नका. उजेडच येत नसल्याने सकाळ झाली की रात्र आहे हेच कळत नाही, आणि आधीच बिघडलेली झोप आणखी बिघडते. खिडकीची केबिन पुरेशी आहे. हिमनद्यांच्या दिवशी जहाज सावकाश वळते आणि सगळे वरच्या डेकवरच असतात, बाल्कनीत कोणी बसून राहत नाही. पैसे वाचवून ग्लेशियर बेला जाणारे जहाज निवडा. त्या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना प्रवेश असतो, त्यामुळे सगळी जहाजे तिथे जात नाहीत. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि लिफ्टजवळ मागून घ्या.

---

प्रेषक: एक सदस्य, डॅलस

दोघांचेही मनापासून आभार. कॅनडाच्या व्हिसाचे आम्हाला माहीत नव्हते. आज सकाळीच भावाने अर्जाची कागदपत्रे काढायला घेतली. आईशी बोलले. तिचे म्हणणे, हॉटेलात चार दिवस बसून राहण्यापेक्षा ती आधी नातवंडांकडे येईल. त्यामुळे काकांच्या सूचनेप्रमाणे नागपूर–दोहा–डॅलस असे एकच तिकीट, दोन्ही बाजूंनी बिझनेस आणि क्रूझवर खिडकीची केबिन, असे ठरत आहे. एवढेच विचारायचे आहे की बिझनेस क्लास असताना व्हीलचेअर वेगळी मागावी लागते का, आणि आईच्या पायांच्या सुजेसाठी आणखी काय करावे?

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सदस्य, धरमपेठ, नागपूर

ताई,

निर्णय योग्य झाला. व्हीलचेअर अवश्य मागावी, आणि दोघांसाठी दोन मागाव्यात. तिचा वर्गाशी संबंध नाही आणि तिला पैसेही पडत नाहीत, पण ती आगाऊ नोंदवलेली असावी. दोह्याला एका दरवाजापासून दुसऱ्या दरवाजापर्यंतचे अंतर फार मोठे आहे, आणि डॅलसला इमिग्रेशनच्या रांगेतही व्हीलचेअरसोबतचा माणूस वाट काढून देतो. भारतीय शाकाहारी जेवणासाठी एव्हीएमएल हा संकेत तिकिटावर नोंदवून घ्यावा. बिझनेसमध्ये शाकाहारी काहीतरी मिळतेच, पण ते चीजचे असले तर आईंना चालेल असे नाही.

सुजेसाठी त्यांच्या डॉक्टरांना विचारून दाबाचे पायमोजे घ्यावेत आणि ते नागपूरहून निघतानाच चढवावेत. आडवे झोपता येते म्हणून सोळा तास पडून राहू नये, मधून मधून उठून चालावे. १-२-१ चा आग्रह मी धरला तो त्याचसाठी. पाणी पीत राहावे. रोजची औषधे चेक-इनच्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असावीत, आणि प्रवासविमा क्रूझचे दिवस धरून घ्यावा, कारण जहाजावरच्या डॉक्टरांचे बिल पाहुण्याच्याच खात्यावर चढते.

सिॲटलला जहाजे पिअर ६६ आणि पिअर ९१ अशा दोन धक्क्यांवरून सुटतात. आपले कोणते ते तिकिटावर पाहून ठेवावे आणि डॅलसहून आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचावे. विमानाचा प्रकार तिकीट काढल्यानंतरही बदलू शकतो. म्हणून महिन्याभराने आणि निघण्याच्या आठवडाभर आधी आसनांचा नकाशा पुन्हा उघडून पहावा. पैसे भरण्याआधी उड्डाण क्रमांक मला पाठवल्यास मी इथून पाहून कळवीन, आणि आई-बाबांना काही समजून घ्यायचे असेल तर एखाद्या संध्याकाळी धंतोलीला जाऊन येईन.