घडवले, सुधारले की शिकवले? एलायझा डूलिटलच्या निमित्ताने शब्दचर्चा

जॉर्ज बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकात ध्वनिशास्त्रज्ञ हिगिन्स हा एलायझा डूलिटल या रस्त्यावरच्या फुलवालीला उच्चभ्रूंसारखे बोलायला लावतो. या नाटकाविषयी मराठीत लिहिताना ‘हिगिन्सने एलायझाला घडवले’, ‘सुधारले’ आणि ‘शिकवले’ ही तीन क्रियापदे एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. मला ती समानार्थी वाटत नाहीत. या सुखात्मिकेतील हिगिन्स आणि एलायझा यांचे भांडणच मुळात यांपैकी कोणते क्रियापद खरे, यावर आहे.

‘घडवणे’ हे रोमन कवी ओव्हिडच्या काव्यातील मूळ कथेला चपखल बसते, कारण तिथला पिग्मॅलियन हा मूर्तिकार आहे आणि त्याच्या हाताखाली हस्तिदंत आहे. ‘घडणे’ अकर्मक आहे. जे घडते ते स्वतः काही करत नाही, त्याच्यावर केले जाते. शॉने १९१३ साली व्हिएन्नात प्रथम रंगमंचावर आलेल्या आपल्या नाटकाला त्या मूर्तिकाराचे नाव दिले खरे, पण त्याची नायिका हिगिन्सशी गाठ पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी विंपोल स्ट्रीटवरील त्याच्या घरी आपणहून येते. रस्त्यावर फुले विकण्याऐवजी फुलांच्या दुकानात नोकरी मिळावी, एवढे बोलणे तिला हवे आहे आणि त्यासाठी ती शिकवणीचे पैसेही देऊ करते. तिची एक मैत्रीण फ्रेंच शिकण्यासाठी तासाला अठरा पेन्स मोजत असते. आपलीच भाषा शिकवायला तेवढे कशाला, असे म्हणून एलायझा एक शिलिंग सांगते. मोलभाव करणाऱ्या या मुलीसाठी ‘घडवली’ हे रूप वापरणे मला अन्यायाचे वाटते.

‘सुधारणे’ची अडचण निराळी आहे. ‘मुलगी सुधारली’ असे आपण म्हणतो तेव्हा ती आधी बिघडलेली होती, हे गृहीतच धरलेले असते. चूक सुधारतात, वर्तन सुधारतात, प्रकृती सुधारते. प्रत्येक ठिकाणी आधी काहीतरी वाईट होते. एलायझाचे उच्चार लंडनमधील लिसन ग्रोव्ह या गरीब वस्तीचे होते, एवढाच तिचा ‘दोष’. मी चांगली मुलगी आहे, असे ती पहिल्या अंकापासून पुनःपुन्हा सांगत असते आणि ते शब्दशः खरे असते. मराठीत ‘न’ आणि ‘ण’ यांच्या उच्चारावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्यांनी तिचे हे सांगणे विशेष लक्ष देऊन ऐकावे.

आता ‘शिकणे’. या क्रियापदाचे व्याकरणच मोठे बोलके आहे. सकर्मक क्रियापदांच्या भूतकाळात कर्त्याला सामान्यतः ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते: ‘तिने धडा वाचला’, ‘तिने कविता वाचली’. ‘शिकणे’ मात्र ‘विसरणे’ आणि ‘बोलणे’ यांच्याप्रमाणे या नियमाला अपवाद आहे. ‘ती धडा शिकली’, ‘तो कविता शिकला’ अशी रूपे होतात, म्हणजे कर्म असूनही क्रियापद शिकणाऱ्याचेच लिंगवचन घेते. ‘शिकवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याकडून ती क्रिया करवणे. ‘हिगिन्सने एलायझाला स्वर शिकवले’ या वाक्यात प्रत्यक्ष कर्म ‘स्वर’ आहे, एलायझा नव्हे. शिकण्याची क्रिया तिच्याकडेच राहते. ‘हिगिन्सने एलायझाला घडवले’ या वाक्यात मात्र ती स्वतःच कर्म होते.

यांच्या जोडीला ‘वळण लावणे’ही विचारात घेतले पाहिजे, कारण हिगिन्स शिकवतो ते केवळ ध्वनी. तिसऱ्या अंकात त्याच्या आईच्या दिवाणखान्यात एलायझा निर्दोष उच्चारांत हवेविषयी बोलते आणि लगेच, तितक्याच निर्दोष उच्चारांत, आपल्या मावशीला घरच्यांनीच संपवले असावे हा संशय सांगू लागते. वळण तिला लागते ते हिगिन्सचा मित्र कर्नल पिकरिंग याच्यामुळे. पहिल्याच दिवशी त्याने ‘मिस डूलिटल’ अशी हाक मारली तिथून आपला स्वाभिमान सुरू झाला, असे ती पुढे स्वतःच सांगते. ही हाक कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हती.

पुलंनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ हे ‘पिग्मॅलियन’चे मराठी रूपांतर लिहिताना मराठीतील आणखी एक सोय ओळखली. ‘धडा’ पुस्तकात असतो, आणि ‘धडा शिकवणे’ म्हणजे अद्दल घडवणेही होते. भक्ती बर्वे यांनी अजरामर केलेल्या स्वगतात मंजुळा, म्हणजे मराठीतली एलायझा, ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ असे आपल्याला शिकवणाऱ्या मास्तरांना उद्देशून म्हणते, तेव्हा ‘शिकवणे’चा कर्ता बदलतो. विद्यार्थिनी शिकवणारी होते, निदान मनातल्या मनात. इतका नेमका श्लेष भाषांतरातून हाती लागत नाही. तो मराठीतच सुचावा लागतो.

शॉच्या पाचव्या अंकात हाच बदल उघडपणे घडतो. आपण ध्वनिशास्त्र शिकवू, हिगिन्सच्या प्रतिस्पर्ध्याकडे साहाय्यक म्हणून जाऊ, अशी धमकी एलायझा देते. आधी तो तिच्या अंगावर धावून जातो आणि मग खूश होऊन म्हणतो की, तुला स्त्री बनवीन म्हटले होते आणि बनवलेच. म्हणजे ती ‘शिकवीन’ म्हणत असताना तो अजून ‘घडवले’ या अर्थालाच धरून बसलेला आहे. त्यामुळे हिगिन्सची बाजू सांगताना ‘घडवले’ जरूर लिहावे, कारण ती त्याचीच समजूत आहे. लेखकाने स्वतःच्या वाक्यात मात्र ‘एलायझा शिकली’ असेच लिहावे, असे माझे मत आहे. ‘सुधारली’ हे रूप या नाटकाच्या संदर्भात पूर्णपणे टाळावे.